क्रेन थांबू नये म्हणून गाडीने किती थांबावे?



बेणे, खोडवा, ठिबक आणि उसाची उचल हे विषय सोडून या पत्रिकेत समुद्रावरच्या बंदराचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. आपल्या शिवारातून समुद्र दिसत नाही. परंतु ज्या वर्षी साखर परदेशी जाते त्या वर्षी तिच्या पोत्याचा शेवटचा मुक्काम बंदरावर असतो, आणि तिथे ती जितके दिवस अडकते तितके पैसे कोठून ना कोठून वजा होतात. कोठून, ते पुढे पाहू.

गोष्ट मार्च २०२२ ची आहे. त्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. इतकी पूर्वी कधी गेली नव्हती, आणि पुढे १ जून २०२२ पासून सरकारने निर्यातीवर बंधन घातले. त्या दिवसांत आपल्या गोदामातून एका व्यापाऱ्यामार्फत बारा कंटेनर भरून न्हावा-शेव्याला रवाना झाले. वीस फुटी डब्यात पन्नास किलोची पोती, म्हणजे डब्याला पंचवीस टनांच्या आसपास माल. कंटेनरला आपल्याकडे ‘डबा’च म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. रिकामे डबे मिळवण्यातच पंधरा दिवस गेले होते. तरी भरले, सील झाले, नारळ फुटला, ट्रेलर निघाले. आम्ही तिघे सभासद एका लग्नासाठी पनवेलला होतो. म्हटलं, आलोच आहोत तर आपली साखर जहाजावर चढताना बघून येऊ.

बंदराच्या वाटेवर गव्हाण फाटा नावाचे ठिकाण लागते. नाव ऐकून आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, “चला, इथंही गव्हाण आहे. म्हणजे रांग असणारच!” ते बोलले आणि तसेच झाले. पुढे जासईपासून करळकडे जाताना रस्त्याच्या कडेला ट्रेलरमागे ट्रेलर. आपले ट्रेलर सापडायला तास गेला. एक ड्रायव्हर ट्रेलरखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवत होता. तो म्हणाला, “काका, काल रात्रीपासून हाय. जहाजाची तारीख पुढं गेली, म्हणून त्या जहाजाचा माल आत घेत न्हाईत. आता सांगत्यात, रात्री गेट उघडणार आणि उद्या सकाळी सहाला बंद.” त्या मुदतीला तिथे कट-ऑफ म्हणतात. त्या वेळेनंतर आलेला डबा त्या जहाजावर चढत नाही.

रात्री गेट उघडले आणि एकाच वेळी सारे धावले. आपल्या बारांपैकी नऊ आत गेले, तीन बाहेर राहिले. ते तीन आठ दिवसांनी दुसऱ्या जहाजाने गेले. ट्रेलरचा खोळंबा, डब्याचे जादा भाडे, कागद बदलण्याचा खर्च हे सारे झाले. टर्मिनलचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नव्हता. जहाज उशिरा आले ते आधीच्या बंदरात अडकल्यामुळे. खर्च मात्र कोणाच्या वहीत पडला? टर्मिनलच्या नाही, जहाज कंपनीच्या नाही. ट्रेलरवाल्याने दोन रात्री फुकट घालवल्या, व्यापाऱ्याने जादा पैसे भरले, आणि पुढच्या खरेदीला त्याने तेवढे धरूनच दर सांगितला. म्हणजे फिरून उसापर्यंत आले.

त्या लग्नात आपल्या तालुक्यातला एक मुलगा भेटला. तो बंदरातल्या एका टर्मिनलवर यार्ड प्लॅनर आहे. त्याला आम्ही फैलावर घेतले. पोराने रागावून न जाता दोन तास बसून समजावले, आणि आमचे निम्मे गैरसमज गेले. उरलेले निम्मे पक्के झाले.

आधी थोडा मागचा इतिहास. लोखंडी डब्यात माल भरून डबाच जहाजावर चढवायचा, ही पद्धत मालकम मॅकलीन या अमेरिकन ट्रकमालकाने व्यापारात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. गोणी पाठीवर वाहून जहाज भरायला दिवसच्या दिवस लागत, ते काम तासांवर आले. लक्षात घ्या, हा शोध एका ट्रकवाल्याचा. गोदीबाहेर आपला ट्रक ताटकळत ठेवून तो कंटाळलेला होता. आणि आज त्याच्याच डब्यापायी ट्रकवाला गेटवर भात शिजवतो आहे!

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. ती जमीन कशी मिळाली हे शेतकऱ्याच्या पत्रिकेत लिहायलाच हवे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईच्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उठले, जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आमचे ट्रेलर उभे होते ते याच रस्त्यावर. आज तिथे पाच कंटेनर टर्मिनले आहेत आणि २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख डबे हाताळले गेले. हे काम लहान नाही. टीका करताना ते विसरू नये.

आता त्या मुलाचे म्हणणे. धक्क्यावरची मोठी क्रेन तासाला साधारण पंचवीस ते तीस डबे उचलते. टर्मिनल किती चांगले, हे बहुधा याच आकड्यावर सांगतात. “पण काका,” तो म्हणाला, “क्रेन स्वतः काही करत नाही. तिच्या खाली योग्य डबा योग्य वेळी आला तर ती तीस उचलते, नाही आला तर नुसती उभी राहते. सगळी मजा यार्डात आहे.”

यार्ड म्हणजे आपल्या केन यार्डासारखेच, फक्त मोळ्यांऐवजी डबे, आणि तेही एकावर एक चार-पाच रचलेले. परदेशातून आलेला डबा मालक कधी न्यायला येईल हे यार्डाला ठाऊक नसते. समजा चारच्या थप्पीतला कोणताही एक डबा मागितला, तर त्याच्यावर सरासरी दीड डबा असतो. म्हणजे एक द्यायला दीड हलवायचे, आणि त्या दीडाचे पैसे कोणी देत नाही. पाचची थप्पी झाली की दीडाचे दोन होतात. जागा कमी पडली म्हणून थप्पी उंच करावी, तर प्रत्येक डबा काढायला वेळ जास्त लागतो. वेळ लागला की बाहेर रांग वाढते. रांग वाढली की डबे निघत नाहीत, म्हणून थप्पी आणखी उंच. असा हा फेरा आहे.

निर्यातीच्या डब्यांचे गणित वेगळे. जहाजात जड डबे खाली आणि हलके वर ठेवायचे, नाहीतर जहाज डोलते. शिवाय जो डबा आधीच्या बंदरात उतरायचा तो नंतरच्या बंदराच्या डब्याखाली अडकता कामा नये. जड डबा जहाजात आधी जातो म्हणून यार्डात तो वर हवा, म्हणजे यार्डाची थप्पी जहाजाच्या बरोबर उलटी. हे साधायचे तर डबा आत येण्याआधीच त्याचे खरे वजन आणि मुक्कामाचे बंदर कळायला हवे. म्हणून १ जुलै २०१६ पासून साऱ्या जगात नियम झाला की वजन तपासून कळवल्याशिवाय डबा जहाजावर चढवायचा नाही. काट्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको! वजन अंदाजे टाकले, बंदराचे नाव आदल्या रात्री बदलले, की प्लॅनरने लावलेली सगळी थप्पी पुन्हा मोडावी लागते. “तुमचे व्यापारी शेवटच्या तासाला कागद देतात,” तो म्हणाला. हे आम्हाला ऐकून घ्यावे लागले, कारण ते खरे होते.

तर मग रांगेचा दोष कोणाचा? इथे आम्ही त्याच्याशी भांडलो, आणि आजही आमचे मत तेच आहे.

डेन्मार्कमध्ये ए. के. एर्लांग नावाचा गणिती टेलिफोन कंपनीत काम करीत असे. त्याने १९०९ साली टेलिफोनच्या खोळंब्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यातून रांगेचे अख्खे शास्त्र उभे राहिले. ते शास्त्र आपल्या भाषेत असे. समजा एक गाडी रिकामी करायला सरासरी सहा मिनिटे लागतात, म्हणजे तासाला दहा गाड्यांची ताकद आहे. गाड्या वाटेल तेव्हा येतात आणि उतरायलाही कधी कमी, कधी जास्त वेळ लागतो. अशा वेळी तासाला पाच गाड्या आल्या तर प्रत्येकीला रांगेत सरासरी सहा मिनिटे थांबावे लागते. आठ आल्या तर चोवीस मिनिटे. नऊ आल्या तर चोपन्न. आणि साडेनऊ आल्या तर एकशे चौदा! नऊवरून साडेनऊ, म्हणजे फक्त अर्धी गाडी वाढली, पण थांबणे दुपटीहून अधिक झाले. यंत्र जितके शंभर टक्क्यांच्या जवळ नेऊन वापराल, तितकी रांग वेड्यासारखी वाढते. चालकाला दोष देऊन, गेटवर आरडाओरडा करून ती कमी होत नाही. ती कमी व्हायला दोनच वाटा: यंत्राला थोडी फुरसत ठेवा, नाहीतर गाड्या वाटेल तेव्हा न येता वेळ ठरवून येतील असे करा.

पहिली वाट कोणी धरत नाही. क्रेनची किंमत कोट्यवधी, जहाजाचा एकेक दिवस लाखोंचा. ती एक मिनिटही रिकामी राहू नयेत म्हणून बाहेर गाड्यांचा साठा करून ठेवायचा. टर्मिनलच्या बाजूने पाहिले तर हा शहाणपणाच आहे. फक्त थांबणाऱ्याचा खर्च थांबवणाऱ्याच्या वहीत पडत नाही, एवढीच त्यात मेख आहे. क्रेन तासाला तीस उचलते हे मोठ्याने सांगितले जाते. त्या तीस डब्यांमागे ट्रेलर किती तास उभे राहिले, हे त्याच दमात सांगितले जात नाही. आम्ही म्हणतो, ही उत्पादकता अर्धी आहे. उरलेली अर्धी रस्त्यावर भात शिजवते आहे.

दुसरी वाट म्हणजे वेळ नेमून देणे. ती नीट आखली नाही तर काय होते, तेही सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरे शेजारी-शेजारी आहेत. २००५ साली त्यांनी ठरवले की दिवसा डबा आणला-नेला तर जादा फी, संध्याकाळी सहानंतर माफ. हेतू चांगला होता, दिवसाची गर्दी रात्रीवर न्यायची. घडले असे की फी वाचवण्यासाठी ट्रक पाच वाजताच येऊन गेटबाहेर उभे राहू लागले आणि सहा वाजता सगळे एकदम आत! तेरा वर्षांनी, २०१८ मध्ये, ती पद्धत बदलून दोन्ही पाळ्यांना सारखी फी केली आणि नेमलेल्या वेळांवर भर दिला. आपल्याकडे त्या मार्चमध्ये रात्री गेट उघडले आणि झुंबड उडाली, त्यात आणि यात फरक काय?

त्याच बंदरांबाहेर जानेवारी २०२२ मध्ये शंभरहून अधिक जहाजे ताटकळत होती. आपल्याला रिकामे डबे मिळत नव्हते त्याचे एक कारण तिकडे होते. तिथे रिकामे डबे ठेवायला जागा नसल्याने ते ट्रेलरच्या सांगाड्यावरच पडून राहत, म्हणून भरलेले डबे काढायला सांगाडे नसत. बंदराबाहेरच्या आवारात दोनपेक्षा जास्त डबे रचू नयेत असा शहराचा जुना नियम होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग बीच शहराने तो सैल करून चार रचायला परवानगी दिली. ट्रॉल्या रिकाम्या न झाल्याने फडात उसाच्या मोळ्या पडून राहतात, तोच हा प्रकार, फक्त महासागराएवढ्या आकाराचा.

कोणी म्हणेल, आता संगणक आले, ते सर्व जुळवतील. संगणकाशिवाय ७३ लाख डबे मोजताही येणार नाहीत हे खरे. न्हावा-शेव्याला २०१६ पासून डब्यांना रेडिओ टॅग लावतात, डबा कोठे आहे ते कळते. पण जून २०१७ मध्ये पेट्या नावाच्या संगणक-विषाणूने एका मोठ्या जहाज कंपनीचा कारभार जगभर ठप्प केला, त्यात इथले एक टर्मिनलही बंद पडले. शिवाय संगणक तेच मोजतो जे मोजायला सांगितले जाते. टॅगवरून ट्रेलर रस्त्यावर किती थांबला हेही काढता येईल. काढा असे कोणीतरी म्हटले पाहिजे. पाच टर्मिनले, चालवणारे वेगवेगळे, प्रत्येकाचे नियोजन आपापल्या गेटच्या आतले. रस्ता मात्र सर्वांचा एकच. निर्यातीच्या गाड्यांसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा झाला, ते चांगले झाले. निदान माणसाला हातपाय धुवायला जागा झाली. पण पार्किंग म्हणजे रांगेला दिलेले छप्पर. त्याने रांग संपत नाही.

आणि आता नवे बंदर. डहाणूजवळ वाढवणला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली, खर्चाचा अंदाज सुमारे ७६,२०० कोटी रुपये. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि उरणचा इतिहास जाणणाऱ्याने तो हसण्यावारी नेऊ नये. आम्हाला इथे एवढेच म्हणायचे आहे की धक्के वाढले आणि आखणी तशीच राहिली, तर रांग फक्त पालघरकडे जाईल. नवे बंदर उठवताना पहिल्या दिवसापासून गाडीला वेळ नेमून देणे आणि जहाजाची वेळ बदलली तर ती गाडी घरातून निघण्यापूर्वी कळवणे, याची आखणी आधी व्हावी, क्रेनची खरेदी नंतर. मार्च २०२२ मध्ये जहाज पुढे गेल्याचे गोदामातच कळले असते तर आपले बारा ट्रेलर निघालेच नसते. ही बातमी पोहोचवायला एका पैशाची क्रेन लागत नव्हती.

हे सगळे आम्ही त्या मुलाला सुनावले. तो शांतपणे म्हणाला, “काका, खरंय तुमचं. पण तुमच्या कारखान्यावर बैलगाडी किती वेळ थांबते हो?”

आता बोला! आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर आम्ही मागचे वार्षिक अहवाल काढून पाहिले. मिल किती तास बंद राहिली याचा तपशील आहे: यांत्रिक बिघाडामुळे इतके तास, ऊस नसल्यामुळे इतके, पावसामुळे इतके. गव्हाणीवर गाड्या किती तास उभ्या राहिल्या याचा रकाना कोणत्याही वर्षाच्या अहवालात नाही. ऊस कमी पडून मिल थांबू नये म्हणून शेतकी खाते जादा टोळ्यांना तोड देते, चिटबॉय हाताला येईल त्या फडाची चिठ्ठी फाडतो, आणि यार्डात रात्रभर बैल जुवाखाली रवंथ करीत उभे. गाडीवान नवरा-बायको पहाटे रिकामे होऊन परत कोयता घेतात. त्यांच्या त्या रात्रीचे पैसे कोणी देत नाही. वर ऊस वाळतो, वजन घटते ते सभासदाचे, उतारा घटतो तो सर्वांचा. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असे आपणच व्याख्यानांतून सांगतो.

म्हणजे बंदराने आपल्याशी जे केले ते आपण गाडीवानाशी रोज करतो. न्हावा-शेव्याला आपण गाडीवान होतो, इथे आपण टर्मिनल आहोत.

संचालक मंडळाला आमची जाहीर विनंती आहे. आपल्या काट्यावर भरल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची वेळ पावतीवर छापलेली असतेच. त्या दोन वेळांमधले अंतर रोज काढायला नवे यंत्र लागत नाही, टाइमकीपरकडे एक कारकून पुरे. काट्यापूर्वीची रांग त्यात येत नाही, म्हणून फाटकावर गाडी आली की तिला वेळ घातलेले टोकन द्यावे. फाटकातून आत ते फाटकातून बाहेर, बैलगाडीची सरासरी किती, ट्रॅक्टरची किती, ट्रकची किती, आणि सर्वांत जास्त थांबलेली गाडी किती तास थांबली, हे चार आकडे दर महिन्याला या पत्रिकेत छापावेत. लाज वाटेल असे आकडे निघतील. निघू द्या. गटवार तोडीचे तास ठरवून चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही घालावी, आणि मिल बंद पडली तर फडावरच्या मुकादमाला तासाच्या आत फोन जावा. आज प्रत्येक मुकादमाच्या खिशात फोन आहे, मग गाडीने यार्डात येऊनच मिल बंद असल्याचे का समजून घ्यावे?

निर्यातीची परवानगी सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १५ लाख टनांची दिली. आपल्या वाट्याला त्यातले थोडेच येते. पण जेव्हा केव्हा पुन्हा डबे भरायचे, तेव्हा वजन आणि मुक्कामाचे बंदर दोन दिवस आधी कळवायचे, आणि गेट उघडल्याचा निरोप आल्याशिवाय ट्रेलर गोदामातून सोडायचा नाही, अशी अट व्यापाऱ्याच्या करारात घालावी. टर्मिनलांनी ट्रेलरच्या थांबण्याचे आकडे जाहीर करावेत, ही मागणी साखर संघामार्फत करता येईल. मात्र आपले आकडे आधी छापून झाले की मगच.

येत्या सर्वसाधारण सभेत टोकनाचा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे. गाडी असलेल्या सभासदाने पुढे यावे, म्हणजे अधिक बरे.